श्वास रोखा

नंदनवन हे नाव तेवढं.
हेडाऊ सरांच्या गल्लीत एकच कडुनिंब,
त्याच्याही सावलीत स्कूटरी.
दर दुसऱ्या शनिवारी रात्री साडेआठला
आम्ही पाच-सहा जण दारात चपला काढतो,
देवळाबाहेर काढतात तशा नव्हे,
सरांनी नुकताच पोछा मारलेला असतो म्हणून.

भिंतीला पांढरी चादर, चार खिळे.
कूलर चालू ठेवला तर संवाद ऐकू येत नाहीत,
बंद केला तर मे महिना ऐकू येतो.
यावर एकदा रीतसर मतदान झालं.
ठराव: पडद्यावर माणसं बोलत असतील तेव्हा बंद,
गप्प असतील तेव्हा चालू.
मग हळूहळू आम्ही सिनेमेच असे निवडू लागलो
ज्यांत कुणी फारसं बोलत नाही.

त्या रात्री पडद्यावर एक म्हातारा किटली धूत होता.
कुठल्याशा थंड मुलखातला,
काजळलेली लोखंडी किटली, मूठभर राख, गवताची बोळी.
सात मिनिटं. संगीत नाही.
तिसऱ्या मिनिटाला तबस्सुमनं मोबाइल पालथा ठेवला.
पाचव्याला मेश्रामांचा अडकित्ता थांबला.
मी मेडिकलला एक्स-रे काढते, अठरा वर्षं झाली,
दिवसातून नव्वद वेळा सांगते, श्वास रोखा.
इथं कुणी सांगितलं नव्हतं.
खोलीतल्या सहा छात्या थांबलेल्या.
अंधारातही मला कळतं ते, धंदाच आहे माझा.

आणि लाइट गेली.

कूलरचं पातं आणखी थोडं फिरलं, मग तेही नाही.
वाळ्यावरून थेंब पडत राहिले टाकीत.
कुणी टॉर्च लावला नाही.
कुणी महावितरणला शिव्या दिल्या नाहीत,
नागपुरात, मे महिन्यात.

बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "याला काही नाव असेल का?"
"लक्ष," मेश्राम म्हणाले. "नुसतं लक्ष देणं.
कोणाकडे काही मागायचं नाही."
मी म्हटलं, अध्यात्म म्हणू या? बिनदेवाचं?
तबस्सुम हसली,
"तो शब्द नको ताई, उच्चारला की
कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहतं."

पराते काकू अकरा महिन्यांत एक अक्षर बोलल्या नव्हत्या.
विचारलं की म्हणायच्या, मी कूलरसाठी येते.
आता कोपऱ्यातून त्यांचा आवाज आला:
"मी यायले अशीच धुवत होती.
आखरीचे चार महिने.
कानामांगं, बोटायच्या मधात.
लोकं म्हणे, मोठं पुन्य कमावलं बाई.
पुन्य कायचं? हात चालत होते.
पन त्या टायमाले न..."

वाक्य तिथंच राहिलं.
सरांना अर्धी वाक्यं सहन होत नाहीत,
चाळीस वर्षं व्याकरण शिकवलंय त्यांनी.
तेही गप्प बसले.

लाइट आली ती सगळं विसरून.
सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू:
बर्फ, दार, म्हातारा, किटली अजून काळीच.
"पुढं ढकलू का?" सरांनी विचारलं.
"राहू द्या," काकू म्हणाल्या,
आणि पदरानं चष्मा पुसून
पुढच्या खुर्चीवर येऊन बसल्या,
कूलरपासून सगळ्यात लांबच्या.

सोमवारी पहिला पेशंट कळमन्याचा हमाल.
खांद्यावर पोत्यांचे घट्टे, छाती प्लेटला टेकलेली.
मी काचेआड गेले, म्हटलं, श्वास रोखा.
आणि त्याच्याबरोबर मीही रोखला.
अठरा वर्षांत हे सुचलं नव्हतं.
बटण दाबून झालं होतं, पंखा फिरत होता,
त्याच्या पाठीचा एकेक मणका मला दिसत होता, नुसत्या डोळ्यांनी,
कातडीवरून ओघळणारा घाम, तो कुठे वळतो तेही.

"मॅडम," कोंडलेल्या आवाजात तो म्हणाला, "सोडू काय?"